तलावाकाठचे चाळीस डबे

माझी भावजय हुशार आहे, हे मला तिचं तोंड बघायच्या आधीपासून ऐकावं लागत होतं. ऐकवणारा माझा धाकटा भाऊ. ताई, ती असं बोलते, ताई, तिला तसं येतं. मी म्हटलं, येऊ दे बाबा, आपल्या दोन खोल्यांत तिच्या हुशारीला जागा झाली म्हणजे मिळवली. तेव्हा मला काय ठाऊक की ही बया नुसती घरात नाही, माझ्या प्रयोगशाळेतही येऊन बसणार आहे, आणि तीही माझ्या वरच्या जागेवर.

प्रयोगशाळा 'माझी' म्हणते म्हणून हसायचं तर हसा. दारावर पाटी साहेबांची आहे, मला माहीत आहे. पण सव्वीस वर्षं तिथलं कुलूप मी उघडते आणि मी लावते. दगडातून, मातीतून, वाळूतून एक वायू सारखा वर येत असतो, रेडॉन त्याचं नाव. त्याला रंग नाही की वास नाही. उघड्यावर वारा त्याला घेऊन जातो. बंद खोलीत मात्र तो साठतो, आणि वर्षानुवर्षं तोच श्वासातून आत गेला तर फुप्फुसाचं मातेरं होतं. कुठल्या जमिनीतून तो किती येतो ते मोजायचं, हे आमचं काम.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही, डबा लागतो. डब्याच्या आत, बुडाला, लाल फिल्मची बोटभर पट्टी चिकटवायची आणि डबा वाळूत उपडा पुरायचा. पट्टीच्या एका बाजूला लाल लेप असतो, दुसरी बाजू नुसतं प्लास्टिक. लेप वाळूकडे हवा. वायूतले कण लेपावर आदळतात आणि डोळ्याला न दिसणाऱ्या खुणा पाडतात. शंभर दिवसांनी पट्टी काढून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सोडली की त्या खुणा मोठ्या होतात, आणि मायक्रोस्कोपखाली लालवर पांढरे ठिपके दिसायला लागतात. ते एकेक करून मोजायचे. पट्टी उलटी लागली तर मग शंभर दिवस ठेवा नाहीतर शंभर वर्षं, कण प्लास्टिकमध्येच अडकतात आणि पट्टी कोरीच्या कोरी राहते.

आता गंमत अशी की दोन्ही बाजूंनी पट्टी लालच दिसते. फिल्मचा मोठा ताव येतो तेव्हा त्याच्या कोपऱ्याला खूण असते. पट्ट्या कापल्या की खूण गेली. मग बाजू ओळखायची कशी? मी पट्टी ओठाला लावते. लेपाची बाजू ओल्या ओठाला जराशी धरते, दुसरी निसटते. हे मला कोणी शिकवलं नाही आणि मीही कोणाला शिकवलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे अशी होती, जी शिकलेल्यांकडे नव्हती.

भावाचं सांगायचं तर आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतराची. त्याची शाळा, त्याचे ताप, त्याचे हट्ट, सगळं मी निस्तरलं. माझं लग्न राहूनच गेलं. कोणी विचारलं की मी सांगायची, एक पोर आहे पदरात, आणि लोक गोंधळायचे. आता तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. मन इतकं साधं की कोणी पायावर पाय दिला तर हाच म्हणणार, माझा पाय मध्ये आला. त्याचं लग्न अडतिसाव्या वर्षी झालं, आणि झालं ते हिच्याशी.

ती आली तेव्हा वर्षाच्या कंत्राटावर आली. साहेबांनी पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं की तलावाच्या वाळूचं काम तुझं. त्या काठावर शाळकरी मुलांसाठी राहायची इमारत उठणार होती आणि त्याआधी खालच्या वाळूतून किती रेडॉन येतो ते कळायला हवं होतं. काम नीट झालं तर वर्षाअखेर ती कायम, नाहीतर नमस्कार. आमच्या गावात या कामाची दुसरी जागा नाही. भावानं मला हे समजावूनही सांगितलं होतं. ती कायम झाली की समोरची रिकामी खोली घेऊ, तिघं ऐसपैस राहू, म्हणाला. नाही झाली तर तिला बाहेरगावी काम बघावं लागेल. मी म्हटलं, बघू दे की, तू थोडाच जाणार आहेस? तो नुसता हसला. मी त्या हसण्याचा मला हवा तो अर्थ घेतला.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने ती माझ्याशी बरी वागत होती. ताई-ताई करायची, जेवायला थांबायची. ठिणगी पडली ती मोजणीवरून. एके दिवशी साहेबांसमोर, चार माणसांत, ती म्हणाली की ताई मोजताना मायक्रोस्कोपमधल्या दोन चौकटींच्या सीमेवरचे ठिपके दोन्हीकडे धरतात, म्हणून त्यांचे आकडे नेहमी थोडे जास्त येतात. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. पाणी गार आहे असं सांगावं तसं सांगून टाकलं. साहेबांनी जुन्या पट्ट्या मागवल्या, तपासल्या, आणि माझी दोन वर्षांची मोजणी मला पुन्हा करायला लावली. तिचं म्हणणं खरं होतं. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. घरी आल्यावर भाऊ म्हणतो कसा, ताई, बरं झालं ना, चूक वेळेवर सापडली. मी त्या दिवशी जेवले नाही.

तलावाला डबे बसवायचे ठरले त्याच्या आदल्या दिवशी मी चाळीस पट्ट्या कापून तिच्या टेबलावर ठेवल्या. चिकटवायच्या तिने होत्या, आणि प्रत्येक डबा बघून रजिस्टरमध्ये 'बाजू तपासली' या रकान्यात सही करायची होती मी. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, कंत्राटी माणसाची सही चालत नाही. तिचं शिक्षण सगळं यंत्रांवरचं, बटण दाबलं की पडद्यावर आकडा येतो तसलं. फिल्म तिने हातात पहिल्यांदाच धरली होती. उजेडाकडे करून, उलटसुलट करून ती बराच वेळ बघत बसली. मग तिने मला विचारलं.

"ताई, ही चकचकीत बाजू वाळूकडे ना?"

तिला जी जराशी चकचकीत वाटत होती, ती बाजू म्हणजे प्लास्टिक. चार शब्द बोलायचे होते. मी पट्ट्या कापायची कात्री पुसत होते, ती पुसत राहिले.

"तू शिकलेली. तुला मी काय सांगणार?"

तिला वाटलं मी होच म्हणतेय, फक्त जरा कुरकुरत. हसली, आणि कामाला लागली. एक, दोन, तीन, अशा चाळीसच्या चाळीस पट्ट्या तिने उलट्या चिकटवल्या, अगदी सरळ रेषेत, कोपरे दाबून. प्रत्येक डबा माझ्याकडे सरकवत होती. मी आत बघत होते, मान हलवत होते आणि सही करत होते. चाळीस सह्या. माझा हात कुठेही अडखळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तलावावर. कपडे बदलायच्या लाकडी खोल्यांपासून पूर्वेच्या टोकापर्यंत दोरी धरून जागा आखल्या. पूर्वेला वाळूत काळपट पट्टे आहेत, ती वाळू जड असते, तिथे रेडॉन जास्त निघेल असा तिचा अंदाज होता. खड्डे तिनेच खणले. मी घडीच्या स्टुलावर बसून नंबर लिहीत होते. विसाव्या खड्ड्याला तिच्या तळहाताला फोड आले, तिसाव्याला फुटले. मी म्हटलं, रुमाल बांध. रुमाल दिलासुद्धा. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. खणा म्हटलं बाईसाहेब, खणा.

मग शंभर दिवसांची वाट बघणं. दर आठवड्याला जाऊन डबे जागेवर आहेत ना ते बघायचं. दीडेक महिन्यानं एकदा वादळी वारा सुटला, पाणी काठावर चढलं आणि खालच्या रांगेतले तीन डबे उघडे पडले. ही बाई कपड्यांसकट पाण्यात. एक डबा लाटेबरोबर आत चालला होता, तो कमरेइतक्या पाण्यात जाऊन तिने छातीशी धरून आणला. दात वाजत होते, केसांतून पाणी गळत होतं, आणि मला म्हणते, "ताई, वाचला." मी तिच्या अंगावर माझा कोट टाकला. तिला पुढे आठ दिवस ताप होता. भाऊ तिच्या उशाशी बसून होता आणि मी दोघांना चहा करून देत होते. वाचलेला डबा प्रयोगशाळेत कपाटात होता, आतली पट्टी पाठ करून बसलेली.

एकदा माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. साठावा दिवस असेल. त्या दिवशी सांगितलं असतं तर पट्ट्या बदलून पुन्हा शंभर दिवस मोजायला वेळ होता, तिचं वर्ष संपत नव्हतं. आम्ही काठावर बसलो होतो, ऊन चांगलं होतं. तिने थर्मासमधला चहा आधी मला ओतून दिला. माझं मन जरा पाघळलं. मी म्हटलं, अगं ऐक. तेवढ्यात तीच बोलायला लागली. म्हणाली, ताई, तुमची मान किती दुखते ते मी बघते. मी कायम झाले की साहेबांच्या मागे लागून ठिपके मोजणारं यंत्र आणवीन. मग तुम्हाला तासन्‌तास वाकून मोजायला नको. तिने हे मायेनं म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मोजणी काढून घेतल्यावर माझ्याकडे काय राहणार होतं? झाडू? मला विचारलं तिने, काय सांगत होता? मी म्हटलं, काही नाही, चहात साखर कमी आहे. मूग गिळून बसले ती बसलेच.

शंभराव्या दिवशी डबे काढले. पट्ट्या कॉस्टिक सोड्यात सोडल्या, धुतल्या, वाळवल्या. पहिली पट्टी तिने मायक्रोस्कोपखाली लावली. मी शेजारच्या टेबलावर काचा पुसत होते. तिने बराच वेळ नळी वरखाली केली. दुसरी लावली. तिसरी लावली. दहाव्या पट्टीपर्यंत तिच्या मानेला घाम आला होता. एखादा जुना ओरखडा सोडला तर कुठे काही नव्हतं. मग तिने आमच्या खणात शंभर दिवस पडून असलेली तुलनेची पट्टी काढली. ती मी लावलेली, सुलट. तिच्यावर अकरा ठिपके. बंद खणात अकरा आणि तलावाच्या वाळूत शून्य, हे कसं शक्य आहे? मी तिच्या रडण्याची वाट बघत होते. रडली नाही. तिने सुई घेतली, तलावाच्या पट्टीचा एक कोपरा वाळूकडच्या बाजूने खरवडला, मग डब्याला चिकटलेल्या दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या बाजूचा लाल लेप सुईवर आला. हुशार होतीच. अर्ध्या तासात तिच्या ध्यानात आलं.

मग ती माझ्याकडे वळली. मी काच पुसत होते. तिने रजिस्टर उघडलं, माझ्या चाळीस सह्यांवरून बोट फिरवलं, मिटलं. मला वाटलं आता तोंड सोडेल, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. ती पट्ट्या आणि रजिस्टर घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. पाच मिनिटांनी मला बोलावणं आलं.

साहेब आवाज चढवत नाहीत, चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. रजिस्टर माझ्यासमोर सरकवून त्यांनी विचारलं, या सह्या तुमच्याच ना? बाजू बघून केल्या होत्या ना?

तिथे मी काय म्हणायला हवं होतं? न बघता केल्या म्हटलं तर सव्वीस वर्षं पाण्यात. बघून, उलट्या आहेत हे कळून केल्या म्हटलं तर त्याहून वाईट. इतके दिवस राग होता, त्या खोलीत नुसती भीती होती.

"बघूनच केल्या, साहेब," मी म्हणाले. "माझ्यासमोर सुलट होत्या."

म्हणजे याचा अर्थ काय झाला ते त्या खोलीत तिघांनाही कळलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिने फक्त एवढं म्हणायचं होतं की मी यांना विचारलं होतं.

"त्यांच्या वेळी सुलट होत्या," ती म्हणाली. "तलावावर गेल्यावर मीच फिरवल्या. मला वाटलं, त्यांचं चुकलंय."

साहेबांना ते लगेच पटलं. माझी चूक तिने एकदा काढली होती, पुन्हा काढायला गेली आणि तोंडघशी पडली, हे कोणालाही पटेल. साहेब तिला म्हणाले की हाताखालच्या जुन्या माणसाचं ऐकायला शिकणं हेही शिक्षणच असतं. मग कंत्राट वाढणार नाही म्हणून सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, तुम्ही पुन्हा पट्ट्या लावा, या खेपेला सगळं तुमच्या हातानं होऊ द्या. मी मान हलवली. एवढं सगळं व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

जिन्यात मी तिला गाठलं. का असं म्हणालीस, म्हणून विचारलं. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"तुमच्यासाठी नाही म्हटलं. तुम्ही हे केलंत हे त्याला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी उठायचा नाही. तो तुम्हाला आई समजतो."

आणि खाली उतरून गेली. मी जिन्यात कठडा धरून उभी राहिले. वर जाऊन साहेबांना खरं सांगायला वीस पायऱ्या होत्या. मी त्या मोजल्यासुद्धा. मग प्रयोगशाळेत जाऊन नव्या पट्ट्या कापायला बसले.

पुढचे दिवस घरात एक भांडण नाही. तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. ताट वाढून ठेवायची, ताई, गार होतंय, म्हणायची. शिव्या घातल्या असत्या तर मी दोन परत घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तिने ती सोयही ठेवली नाही. तलावाच्या काठावर माझे चाळीस डबे बसले. मी प्रत्येक पट्टी ओठाला लावून चिकटवली. पूर्वेच्या काळ्या वाळूत ठिपके तिपटीनं निघाले, तिचा अंदाज बरोबर होता. साहेबांनी त्या टोकाला इमारत नको असा अहवाल दिला आणि खाली मोजणी करणारी म्हणून माझं नाव घातलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

अहवाल छापून आला तोवर तिला बाहेरगावी नोकरी लागली होती. रेल्वेनं दोन दिवस लागतात असं गाव. भाऊ जाणार नाही अशी माझी खात्री होती. त्यानं दुकानात नोटीस दिल्याचं मला दुकानदाराकडून कळलं. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, ताई, तिला एकटीला कसं पाठवू? तिचा आता स्वतःवरचा विश्वासच उडालाय. साधं दूध उतू गेलं तरी म्हणते, माझंच चुकलं.

जायच्या सकाळी त्यांचं सामान दाराशी होतं. दोन पेट्या, एक वळकटी. ती वाकून वळकटीला दोरी बांधत होती. गाडीला तास होता. भावानं मला खिडकीपाशी नेलं. त्याचे डोळे लाल होते. बोलायला वेळ लागला त्याला, कारण त्याला कोणाबद्दल वाईट बोलायची सवयच नाही.

"ताई, एक मागू? रागाने पाठवू नकोस आम्हाला. तिनं तुझं ऐकायला हवं होतं. तिच्यापायी तुला साहेबांसमोर उभं राहावं लागलं, हे माझ्या मनाला लागून राहिलंय. तिच्या वतीनं मी हात जोडतो. तिला माफ कर."

आणि त्यानं खरंच हात जोडले. तिला ऐकू गेलं होतं. दोन खोल्यांचं घर, त्यात कोणाला काय ऐकू जात नाही? तिचे हात दोरीवर थांबले. मान वर केली नाही. मी सांगायची ही शेवटची वेळ होती, आणि हे आम्हा दोघींना माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर तिला तिचं नाव परत मिळालं असतं आणि मी त्या मुलाची आई उरले नसते.

मी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले.

"केलं हो माफ," मी म्हणाले. "बायको आहे तुझी."

त्याचा चेहरा इतका निवळला की मला बघवेना. तो लगेच तिच्याकडे गेला आणि म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं, ताई मनात ठेवणार नाही? मग तिचा हात धरून तिला उभं केलं आणि माझ्या पाया पडायला घेऊन आला. ती वाकली. तिची बोटं माझ्या पायाला लागली, आणि मी तिला आशीर्वाद दिला.